चाळीस नंबरची बाटली

१२ जानेवारी १९५९, सोमवार. परभणी

कामाची सरकारी डायरी वेगळी ठेवायची, असा हुकूम आहे. तीत आकडे जातील. ही माझी खासगी. सरकारला न कळलेलं बरं, असं जे असेल ते हिच्यात.

आज औरंगाबादहून डॉ. वसमतकरांचं पत्र आलं. साऱ्या देशातली मोठी माणसं रोज किती मीठ खातात, याची मोजणी निघाली आहे. मीठ आणि दुसरा एक क्षार, पोटॅशियम. हा कशात असतो ते मला ठाऊक नव्हतं. पत्रात लिहिलं आहे की भाजीपाल्यात, फळांत, डाळींत. आपल्या जिल्ह्यातून निंबवाडी हे गाव निवडलं आहे, पोखर्णीपासून दीड कोस. आणि तिथं जाणारा इसम म्हणून नाव आहे, बन्सीधर चारठाणकर, कारकून, आरोग्य खातं. म्हणजे मी.

चोवीस वर्षांच्या नोकरीत माझं नाव टाइप केलेलं आज पहिल्यांदा पाहिलं. निजामाच्या अमलात मी उर्दूत लिहीत होतो. पोलीस ॲक्शननंतर जमेल तशा मराठीत लिहू लागलो. छप्पन साली मराठवाडा मुंबई राज्यात गेल्यापासून मुंबईची मराठी शिकतो आहे. अजून तोंडून ‘दरख्वास्त’ निघालं की नवे साहेब लोक हसतात. हैदराबादेकडून आलेल्या आम्हा मुलाजिमांपैकी कोणाला कायम करायचं, त्याची यादी एकतीस मार्चला निघणार. हे काम नीट पार पडलं तर माझं नाव तीत यायला हरकत नाही.

कामं दोन. घरोघरी जाऊन मीठ नव्या ग्रॅमच्या वजनांनी मोजायचं. आणि वीस बाया, वीस पुरुष यांची एका दिवस-रात्रीची सगळी लघवी बाटलीत घेऊन मुंबईच्या प्रयोगशाळेत धाडायची. खाल्लेलं मीठ तिथूनच बाहेर पडतं म्हणे. हे वाक्य दोनदा वाचलं आणि पेशकार येताना दिसले तसा कागद पालथा घातला.

कस्तुराला सांगितलं. ती म्हणाली, “अहो, पण लोक देतील का?” म्हटलं, सरकारचं काम आहे, न द्यायला काय झालं. तिनं न सांगता लिंबाचं लोणचं, खारवलेल्या मिरच्या, पापड आणि मिठाची एक डबी बांधायला काढली. बाहेरचं अन्न मला अळणी लागतं, हे तिला पाठ आहे. मुलगी वालूरला दिल्यापासून घरात आम्ही दोघंच, तेव्हा तिचं सगळं लक्ष माझ्या जिभेकडे.

बूट संध्याकाळी फार आवळतात. चांभारानं कातडं हलकं वापरलेलं दिसतं.

१७ जानेवारी, शनिवार. निंबवाडी

पोखर्णीपर्यंत मोटारीनं, पुढं बैलगाडीत. चव्वेचाळीस बाटल्या भुशात घालून आणल्या, एकही फुटली नाही. बरोबर शिपाई मुंजाजी आहे. तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, बोलतो कमी. मुक्काम भुजंगराव पाटलांच्या ओसरीवर.

दुपारी मारुतीच्या पारावर सभा घेतली. मी देश, शास्त्र आणि आरोग्य यांवर पाऊण तास बोललो. मग म्हणालो की आपण प्रत्येकानं आपली एका अहोरात्रीची लघुशंका द्यावयाची आहे.

एक म्हातारा म्हणाला, “शंका काय न्हाई बा आमाला.”

मुंजाजी मागून म्हणाला, “मूत. मूत मागायलेत साहेब.”

मग येडबा उठला. हा पंचेचाळिशीचा, मोठ्या मिशांचा, उंचापुरा शेतकरी. त्यानं विचारलं, “सायेब, ममईला त्याच्यात काय काय दिसतंय?”

प्रश्न हुशारीचा होता. मी म्हणालो, सगळं दिसतं.

“म्हंजी काल सांच्याला कुनी काय खाल्लं, प्यालं...”

“तेही. शास्त्रापासून काही लपत नाही.”

पाटलांना ठसका लागला. एकानं विचारलं, दारूबंदी औंदा आपल्याकडंबी येणार म्हणायलेत, ते खरं का? मी सांगितलं, ते खातं वेगळं, पण सरकार एकच. यावर पुरुष मंडळींत पुष्कळ कुजबूज झाली आणि बऱ्याच जणांना गुरांना पाणी दाखवायची आठवण झाली. जाताना मात्र पाटील म्हणाले, “बाटल्या भरून मिळतील साहेब. काळजी करू नका.”

इतकी जिज्ञासा शहरातही पाहायला मिळत नाही.

१८ जानेवारी, रविवार

तागडी घेऊन बारा घरं केली. शेवटी गावाबाहेर धनगरांच्या घरांकडे गेलो. तिथं कासाबाई नावाची साठीची बाई राहते. चाळीस मेंढरं, मुलगा सटवाजी, सून. मी फॉर्म काढून सटवाजीला विचारलं, तुमच्या घरी महिन्याला मीठ किती लागतं? तो आईकडे बघू लागला.

कासाबाई म्हणाली, “त्याला काय इचारता? मिठाचं गाडगं कुठं हाय, तेवढं दाव म्हनावं.”

सटवाजीला ते दाखवता आलं नाही. सुनेनं उतरंडीतून काढून दिलं. वजन पावणेचार किलो, म्हणजे चार शेर भरलं. मी तिथंच माणशी हिशेब मांडला आणि थक्क झालो. साऱ्या जिल्ह्यात असा आकडा नसेल.

“तीन शेर मेंढरांचं हाय त्यातलं,” कासाबाई म्हणाली. “मेंढराला मीठ चाटवावं लागतंय. लिव्हलं का?”

लिहिलं होतं. खोडलं.

तिनं आग्रहानं भाकरी आणि कोरड्यास, म्हणजे कालवण, वाढलं. मी खिशातली डबी काढून वर मीठ घेतलं, दोन मिरच्या काढल्या. ती बघत होती. म्हणाली, “सायेब, पाय सुजल्यात तुमचे.”

म्हटलं, मोटारीच्या प्रवासानं होतं तसं.

“आठ कोसांत? बोट दाबून बघा, खड्डा पडतोय का.”

मी दाबून पाहिलं नाही. परक्या घरी जेवताना पाय दाबणं बरं दिसत नाही.

२१ जानेवारी, बुधवार

आज दिवस उगवताना बाटल्या वाटल्या. सकाळची पहिली सोडून द्यायची, मग उद्या उगवतीपर्यंत जिथं जाल तिथं बाटली न्यायची. वीस बाया ठरल्या, त्यात कासाबाई, तिची सून आणि माळ्याची बायनाबाई. पुरुष एकोणीसच भरले, कारण आश्रुबा पालमला बहिणीकडे गेला तो आलाच नाही. काम अडू नये म्हणून चाळीस नंबरची बाटली मी स्वतःला घेतली. नावाच्या जागी फक्त लिहिलं, पुरुष, वय शेहेचाळीस. शास्त्रासाठी एवढं करायलाच हवं.

दुपारी फेरी मारली. येडबा पाटलांच्या पांढऱ्या बैलामागून बाटली घेऊन पळत होता. विचारलं तर म्हणाला, “गोमूत सायेब. लेकराला वकाऱ्या व्हायल्यात. औशीद.” पुढं आणखी दोघं आणखी दोन बैलांमागं उभे होते. त्यांच्याही घरी लेकरं आजारी होती. औषधपाण्याची सोय नसताना ही जुनी श्रद्धाच या लोकांना तारते आहे. गावात वकाऱ्यांची साथ असावी, तशी नोंद सरकारी डायरीत केली.

२२ जानेवारी, गुरुवार

एकोणीस पुरुषांनी एकोणीस बाटल्या उगवतीला पाराशी रांगेत आणून ठेवल्या. सगळ्या गळ्यापर्यंत भरलेल्या, रंग एकसारखा, थेंबभर कमी नाही. माझे डोळे भरून आले. मी त्यांचं कौतुक करताना सगळे खाली बघत होते. खेड्यातला माणूस विनयशील असतो.

बायांची मात्र निराशा झाली. पदराखालून आणलेल्या बाटल्या, कोणाची अर्धी, कोणाची पाऊण, बायनाबाईची तर तळाला. मी जरा रागानं बोललो, पुरुषांकडून शिका.

कासाबाई म्हणाली, “बाईमानसाला पानी प्यायला तरी सवड आसावी की सायेब. निसतं येतंय व्हय?”

सरकारी डायरीत लिहिलं: पुरुषांचं सहकार्य अनुकरणीय.

२३ जानेवारी, शुक्रवार. परभणी

बाटल्या मुंबईच्या गाडीत चढवल्या. हमालानं विचारलं काय आहे, मुंजाजी म्हणाला, “अर्क.”

१४ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरांचं पत्र जसंच्या तसं उतरवतो.

“निंबवाडीच्या वीसही स्त्रियांचे नमुने मनुष्याचे आहेत. पुरुषांच्या एकोणीस बाटल्यांत मीठ केवळ नावाला असून पोटॅशियम मनुष्याच्या सात-आठ पट आहे. या गावचे पुरुष कडबा खातात काय, अशी प्रयोगशाळेची विचारणा आहे. सात दिवसांत खुलासा करावा. तसेच बाटली क्रमांक चाळीस हीत दिवसाचे एकतीस ग्रॅम मीठ निघाले, म्हणजे गावच्या बायांच्या दुपटीहून जास्त. हा इसम कोण आहे? जिवंत असल्यास त्याचा रक्तदाब मला पाहावयाचा आहे.”

पत्र चार वेळा वाचलं. कडब्याचं म्हणाल तर मला एकदम अशक्य वाटत नाही. सध्या हुरड्याचे दिवस आहेत, कणसाबरोबर थोडी पात पोटात जात असेल. उद्या जाऊन विचारतो.

चाळीस नंबरचं मात्र साफ चुकलं आहे. मुंबईत कोणाच्या तरी बाटलीशी अदलाबदल झाली. माझी प्रकृती उत्तम आहे. सकाळी डोकं दुखतं, पण ते सगळ्यांचंच दुखतं.

१५ फेब्रुवारी, रविवार. निंबवाडी

आधी पाटलांकडे गेलो. सरळ विचारलं, “आपल्याकडे पुरुष मंडळी कडबा खातात का?”

पाटलांनी पानाचा डबा बाजूला ठेवला. म्हणाले, “साहेब, माझ्या घरात तुमी सहा दिवस जेवलाव. त्यात कवा दिसला का कडबा?”

ते रागावले होते हे मला पायऱ्या उतरल्यावर कळलं. येडबा खळ्यावर होता. त्यालाही विचारलं. त्यानं चांगला विचार केला आणि सांगितलं, “ज्वारी आमी खातो सायेब, कडबा बैल खात्यात. वाटनी जुनीच हाय.”

मग कासाबाईकडे गेलो. तिला पत्र वाचून दाखवलं. तिनं मधेच थांबवलं.

“काय म्हनलाव? पुन्यांदा वाचा.”

वाचलं.

“म्हंजी बाया मानसं, आन बापे गुरं?”

“तपासणीत तसं निघालं आहे.”

“मंग एवढ्यासाठी ममईला कशाला धाडलं? मला इचारायचं की.”

आतून सुनेच्या हातून काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि मग ती हसू लागली. कासाबाई हसली नाही. तिनं मला बसवलं, पाणी दिलं आणि लहान लेकराला सांगावं तसं सांगितलं. बाटल्यांत बैल होते. पाटलांचे सहा, येडबाचे दोन. त्या दिवशी बैलांना गोठ्यातून हलू दिलं नाही, आणि जे सोडले होते त्यांच्या मागं माणसं होती.

“पण का?” मी म्हणालो.

“तुमीच म्हनलाव न्हवं, काल सांच्याला घेतल्यालं बी दिसतंय? बापे भ्याले. दारूबंदी यायलीय, सायेब नावं लिवून घ्यायलेत, मूत ममईला चाललंय. मंग काय करतील?”

“मला कोणीच कसं सांगितलं नाही?”

“तुमी बोलायलाच होताव की.”

परतताना मुंजाजीला विचारलं, तुला हे माहीत होतं का? तो म्हणाला, “बाटल्या गाडीत चढवताना वास आला होता साहेब. पण तुमी लय खुशीत होताव.”

१६ फेब्रुवारी, सोमवार. परभणी

आज खुलासा लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात लिहिलं की रेल्वेत बाटल्यांची अदलाबदल झाली असावी. दुसऱ्यात प्रयोगशाळेवर संशय घेतला, फार सभ्य भाषेत. तिसऱ्यात दोन्ही केलं. तिन्ही मसुदे चांगले वठले. चोवीस वर्षांत मी दुसऱ्यांचे इतके खुलासे लिहिले आहेत की मला ते अवघड नाही. कोणीही पकडणार नाही.

आणि खरं लिहिलं तर काय लिहायचं? की या इसमाला माणूस आणि बैल यांतला फरक ओळखता आला नाही. यादी एकतीस मार्चला निघणार आहे.

मुंजाजी चहा घेऊन आला. त्याला मागं उभं राहून वाचायची सवय आहे. म्हणाला, “रेल्वेवर घालताव?”

“मग?”

“मंग त्ये पुन्यांदा बाटल्या धाडतील.”

“धाडू देत.”

“पुन्यांदा बैलच भरतील साहेब.”

मी टाक खाली ठेवला. बैल भरतील, तो आकडा कागदावर जाईल, दिल्लीला पोचेल, आणि निंबवाडीची माणसं मीठच खात नाहीत असं पुस्तकात छापलं जाईल. मग ते वाचून कोणी काहीतरी ठरवेल. मी कधी असा विचार केला नव्हता. आकडा भरला की माझं काम संपलं, असंच मी मानत आलो.

तिन्ही मसुदे फाडले. खरं होतं ते चार ओळींत बसलं. चाळीस नंबरबद्दल लिहिलं: सदर इसम जिवंत आहे.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉ. वसमतकर नव्या बाटल्या घेऊन स्वतः परभणीला आले. मी बडतर्फीच्या तयारीनं उभा होतो. ते खुर्चीत बसले, माझं पत्र काढलं, ‘पाटलांचे सहा, येडबाचे दोन’ या ओळीवर आले आणि इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, “पाच गावांत खरं लिहिणारे तुम्ही एकटे. दुसऱ्या एका गावचे आकडे मला आता निराळे दिसायला लागलेत.”

मग म्हणाले, “चाळीस नंबर कुठं आहे?”

मी म्हणालो, बाहेर आहे. का म्हणालो, मला कळत नाही.

ते रक्तदाबाचं यंत्र घेऊन बाहेर गेले. बाकावर मुंजाजी बसला होता. त्यांनी त्याच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, दोनदा मोजलं आणि म्हणाले, छान आहे, काही काळजी नाही. मुंजाजीनं पट्टा सोडला, त्याची घडी घातली आणि तो त्यांच्या हातात दिला. “आता आत जाऊन आमच्या साहेबांना बांधा. चाळीस नंबर तेच हायेत.”

डॉक्टर आत आले तेव्हा हसत नव्हते. माझा आकडा दोनशे दहा निघाला. त्यांनी बूट काढायला लावले, नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत होतो.

ते म्हणाले, “चारठाणकर, हे औषधानं अर्धं आणि तोंडानं अर्धं बरं होईल. लोणचं बंद, पापड बंद, वरून मीठ बंद. नाहीतर एकतीस मार्चच्या यादीत तुमचं नाव असेल आणि तुम्ही नसाल.”

भीती वाटली. खासगी डायरी आहे म्हणून हे लिहितो. कस्तुराला सांगितलं नाही, ती घाबरेल. जेवताना भूक नाही म्हणून अर्ध्यावर उठलो. तिनं विचारलं, मीठ कमी पडलं का?

२ मार्च, सोमवार. निंबवाडी

पुन्हा पारावर सभा. या वेळी पाऊण तास बोललो नाही. म्हणालो, “मुंबईला दारू तपासत नाहीत. मीठ आणि पोटॅशियम, एवढंच तपासतात. मागच्या वेळी मी सगळं दिसतं म्हणालो, ते मला माहीत नसताना म्हणालो. चूक माझी.”

येडबा म्हणाला, “म्हंजी दिसभर त्या बैलामागं पळालो ते फुकटच?”

पाटील म्हणाले, “आन माझे बैल दोन दिवस बुजल्याले होते.”

मी म्हणालो, बाटलीवर नाव राहणार नाही, फक्त नंबर. तरी कोणी पुढं होईना. तेव्हा बायांच्या बाजूनं कासाबाई उठली. “ह्या बारीला बापयाची बाटली त्याच्या घरची बाई सांभाळंल. रानात जाताना ती देईल, आल्यावर ती घेईल. आन ज्येच्या बाटलीत बैल निघंल त्याला घरात कडबा वाढला जाईल.”

बाया हसल्या. पुरुषांनी बाटल्या घेतल्या.

तिनं मलाही एक अट घातली. मुक्काम आहे तोवर जेवण तिच्या घरी आणि डबी तिच्या ताब्यात. मी काही बोललो नव्हतो. मुंजाजीनं सांगितलं असणार. डबी दिली.

४ मार्च, बुधवार

कासाबाईच्या कोरड्यासात मीठ आहे, पण ते चिमटीनं मोजून घातलेलं. पहिल्या दिवशी मला माती खाल्ल्यासारखं वाटलं. काल रागानं दीडच भाकरी खाल्ली. आज हुलग्याचं माडगं होतं, वर जवसाची चटणी. चावताना भाकरीला स्वतःची गोडी लागली. ती इतकी वर्षं होती की आत्ता आली, कळत नाही.

आज उगवतीपासून बाटल्या सुरू झाल्या, चाळीस नंबर पुन्हा माझ्याकडेच. पाय उतरत आहेत. बूट सैल झाले. चांभाराला मी उगाच बोललो.

५ मार्च, गुरुवार

आज बाटल्या आल्या. कोणाची अर्धी, कोणाची पाऊण. सटवाजीची मेंढरामागं धावताना सांडली म्हणून तो उद्या पुन्हा भरणार. पाटलांची पाटलीणबाईंनी टोपलीखाली झाकून आणली. येडबाची बाटली भागुबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, माझ्यासमोर आदळली आणि म्हणाली, “बगा, मानूस हाय.” एकीचा रंग दुसरीसारखा नाही. सगळं ओबडधोबड. पाहून पहिल्यांदाच मला विश्वास वाटला. बायांच्या आधीच्या बाटल्यांबद्दल मी रागावलो होतो, ते बायनाबाईला आठवण करून देऊन परत घेतलं. ती म्हणाली, मला त्याच दिवशी कळलं होतं तुमाला काय कळत न्हाई ते.

२६ मार्च, गुरुवार. परभणी

आकडे आले. निंबवाडीचे सगळे पुरुष मनुष्य आहेत. माणशी सरासरी चौदा ग्रॅम मीठ. पोटॅशियम कमी पडतं, पालेभाजी वाढवायला हवी, असा डॉक्टरांचा शेरा. आणि चाळीस नंबर, बारा ग्रॅम. खाली त्यांनी शाईनं लिहिलं आहे: इसम जिवंत राहील असे दिसते.

त्यांनी सोबत यादीची नक्कलही धाडली, पाच दिवस आधीच. माझं नाव तीत आहे. सतराव्या क्रमांकावर, टाइप केलेलं. अपेक्षा होती तेवढं मोठं काही वाटलं नाही. बरं वाटलं, एवढंच.

२८ मार्च, शनिवार. निंबवाडी

आकडे गावाला सांगायचा हुकूम नाही. तरी गेलो. त्यांचं होतं, त्यांना कळायला हवं. नंबर वाचत गेलो, ज्याचा त्यानं ओळखावा. पण एकेक जण “त्यो माझा” म्हणत उठू लागला. पाटलांचे एकोणीस निघाले. ते मिशीवर हात फिरवून म्हणाले, गावात हेच मोठं असणार. पुढं येडबाचे एकवीस निघाले. पाटील म्हणाले, “पुन्हा मोजा.”

मी समजावलं की मोठा आकडा चांगला नाही. कोणी ऐकलं नाही. येडबाला लोक चहा पाजायला घेऊन गेले. बाया मात्र थांबल्या, आणि कोणती भाजी, किती मीठ, हे विचारत बसल्या. माहीत होतं तेवढं सांगितलं. जे माहीत नव्हतं तिथं माहीत नाही म्हणालो. दोनदा म्हणावं लागलं.

कासाबाईनं माझा आकडा विचारला. एकतीस होता, बारा झाला, सांगितलं. ती म्हणाली, “घरला ग्येल्यावर परत वाढंल. तुमच्या मालकिनीला सांगितलंव का?”

सांगितलं नव्हतं.

२९ मार्च, रविवार. परभणी

आज कस्तुराला सगळं सांगितलं. बैल, खड्डा, दोनशे दहा, सगळं. ती चूल सोडून ऐकत होती. मी म्हणालो, “आजपासून घरात मीठ कमी घालावं लागेल. तुला अळणी लागेल, पण इलाज नाही.”

ती म्हणाली, “मला नाही लागणार.”

“लागतं. मलाही पहिल्यांदा लागलं.”

“अहो, मी माझं आधी काढून ठेवते. मग पातेल्यात तुमच्यासाठी मीठ घालते. तुमच्या चवीचं खाल्लं की माझं तोंड सोलतं.”

“कधीपासून?”

“लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून.”

म्हणजे सव्वीस वर्षं. मी म्हणालो, कधी बोलली नाहीस. ती म्हणाली, तुम्ही जेवून उठल्यावर मी बसते, तुम्हाला कसं दिसणार. तक्रार नव्हती आवाजात. मीठ कुठं ठेवलं आहे, हे सांगावं तसं तिनं सांगितलं.

मी निंबवाडीत चाळीस माणसं मोजली, मेंढरांचं मीठही मोजलं. उठून पिशवीतून एक कोरा फॉर्म काढला आणि तिला समोर बसवलं. नाव लिहिलं, कस्तुराबाई. वय मी एकोणचाळीस लिहिलं, तिनं बेचाळीस करायला लावलं. सकाळी काय खाता, संध्याकाळी काय, कोणती भाजी आवडते, कोणती करता. आवडते एक आणि करते दुसरी, असं सात भाज्यांच्या बाबतीत निघालं. फॉर्म पाव तासाचा आहे. आम्हाला तास लागला. मधे दोनदा ती हसली आणि एकदा उठून आत गेली, ती थोड्या वेळानं आली.

शेवटचा रकाना शेरा. तिथं काय लिहू, विचारलं.

ती चुलीकडे वळत म्हणाली, “लिहा, आजपासून दोघांचं एकाच पातेल्यात.”